वाघामुळे तारीख, आणि बाकीचे घटस्फोट

किस्से गोळा करायला कुठं हिंडावं लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून बसा, नवरा-बायकोच्या केसेस घ्या, बस्स! ते आपोआप येतात. चहाचा कप उचलला की येतात, डबा उघडला की हमखास येतात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत अंगणात विडीच्या पानांचे पुडे साठावेत तसे ते माझ्याकडे साठले आहेत, आणि आता ठेवायला जागा उरली नाही म्हणून तुमच्यापुढे ओतते.

खुनाच्या केसमध्ये लोक जपून बोलतात. घटस्फोटाच्या केसमध्ये कुणीही जपून बोलत नाही, हीच तर मजा आहे!

आमचं कोर्ट वैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे, ते मी सांगणार नाही. नावंही बदलली आहेत. आमच्या टोळीतले लोक तेवढे ओळखून ठेवा. एक मी, म्हणजे वकीलबाई. दुसरे शेख वकील, बल्लारपूरचे. घरचा शिलाईचा धंदा, त्यामुळे कोर्टातला सगळ्यात चांगला शिवलेला कोट त्यांचा. बहुतेक केसमध्ये ते माझ्या विरुद्ध असतात आणि दुपारच्या जेवणाला माझ्यासोबत. तिसऱ्या मेश्राम मॅडम. त्या मध्यस्थीच्या खोलीत बसतात आणि भांडणाऱ्या जोडप्यांना समजावतात. आणि चौथे आमचे साहेब, म्हणजे जज्ज. ते साताऱ्याकडचे. बदली होऊन इकडे आले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की जंगलातल्या कोर्टात काम कमी असेल. बिचारे!

◆

सुरुवात जीपपासून करू.

आमच्याकडे आतल्या गावांतून तालुक्याला येणारी काळीपिवळी जीप सकाळी एकच आणि संध्याकाळी परत जाणारी तीच. आता नवरा-बायको एकाच गावचे असले तर काय होणार? दोघं एकाच जीपमधून कोर्टात येतात, इथं एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात आणि त्याच जीपमधून परत जातात. ड्रायव्हर दुपारी कोर्टात डोकावून विचारतो, "घटस्फोटवाले कोन कोन हायेत? चला, गाडी सुटून राह्यली!"

एकदा माझी पक्षकार शेवंता साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. आम्ही अर्जात लिहिलं होतं की नवऱ्यानं तिला टाकली आहे, वर्षापासून दोघांचा काही संबंध नाही. शेख वकील उलटतपासाला उठले. त्यांनी आवाज असा मऊ केला की मला तिथंच धोका कळायला हवा होता.

"बाई, पती से आखरी मुलाकात कधी झाली?"

"आज सकाळी जी."

साहेबांनी पेन थांबवलं. मी डोळे मिटले.

"आज सकाळी? कुठं?"

"जीपमंदी. मले गाडी लागते, म्हनून त्यानं खिडकीची जागा देली. मंग मी त्याच्या खांद्यावर झोपली."

शेख वकील विजयी चेहऱ्यानं खाली बसले. शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन बाई, झोपाची बी मनाई हाय काय?"

◆

आता मंदा आणि सुधाकर यांच्याविषयी सांगते. गेल्या वर्षी सगळं कोर्ट या एका केसच्या मागे होतं. चहावालासुद्धा सकाळी आधी विचारायचा, "मंदाबाईचं काय झालं?"

ही दोघं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलाकडच्या, नाटक कंपनीतली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी-जावई येतात, घरोघरी मटण शिजतं आणि नाटक असतंच. सुधाकर कंपनीचा हिरो, मंदा हिरोइन, आणि घरी नवरा-बायको. दिसायलाही छान, भांडायलाही छान.

त्याच्या आदल्या मंडईला कंपनीचं नाटक नेमकं मंदाच्या माहेरी लागलं. जेवणाच्या पंगतीत मंदाचा बाप, भाऊ, अख्खं गाव बसलेलं. कुणीतरी मंदाच्या कामाची तारीफ केली. त्यावर सुधाकर म्हणाला, "हिले मीनं हिरोइन केलं, नाई त धानाच्या रोवन्यालेच जात होती!"

पंगत हसली. मंदा हसली नाही. वाढता वाढता हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत गेली.

मग अबोला, मग वेगळी खोली, मग संमतीनं घटस्फोटाचा अर्ज. मंदाकडून मी, सुधाकरकडून शेख. कायद्यानं मधले सहा महिने विचार करायला दिले. मंदाची अट एकच होती: "चार लोकांसमोर बोलला, चार लोकांसमोर माफी माग. मी आत्ता अर्ज मागं घेते."

सुधाकर म्हणायचा, "बंद खोलीत शंभर वेळा मागतो. लोकांसमोर नाई. मी हिरो आहो, बाई!"

एवढ्यावर संसार अडला होता. मला ती दोघं फार आवडायची, खरं सांगते. वकिलानं असं बोलू नये, पण माझी केस मी हरावी असं मला वाटत होतं.

◆

देवरावची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

जंगलालगतच्या गावांत मोहफुलं वेचायला जाताना लोक डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधतात. माणसाचा चेहरा, रंगवलेला. वाघ मागून येतो, त्याला समोरच तोंड दिसलं की तो बिचकतो, असं म्हणतात. वाघ बिचकतो की नाही ते वाघच जाणे. आमचे साहेब मात्र बिचकले!

देवराव सकाळी मोहफुलं वेचून तसाच धावत तारखेला आला. मुखवटा काढायचा राहून गेला. पिंजऱ्यात उभा राहिला. साहेबांना इकडे येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि खाली मान घालून जबानी लिहायची त्यांची सवय. साहेबांनी विचारलं, "पत्नीला मारहाण केली का?"

देवराव बायकोकडे वळून म्हणाला, "सांग वं, कवा मारलं तुले?"

साहेबांनी मान वर केली. देवरावची पाठ त्यांच्याकडे होती, म्हणजे मुखवटा त्यांच्याकडे. लाल ओठ, पांढरे दात, मोठं हसू.

"हसता काय? कोर्ट आहे हे!"

देवराव दचकून वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. साहेब जरा नरमले. "बरं, रडू नका. सांगा." आणि पुन्हा लिहायला लागले. देवराव पुन्हा बायकोकडे वळला. साहेबांनी पुन्हा वर बघितलं. पुन्हा तेच हसू!

"अहो, आत्ता रडत होता, आत्ता हसताय? काय चाललंय काय?"

तेवढ्यात देवरावची बायको हात जोडून उभी राहिली. "साहेबजी, घरी बी असाच हाय. कोनतं तोंड खरं हाय, मले आजवर समजलं नाई."

◆

तोंडावरून जेवण आठवलं.

वरोऱ्याकडे कापूस, सोयाबीन, ज्वारी. माणसं पोळी-भाकरीवर वाढलेली. आरमोरीकडे धान. तिथं भात म्हणजे जेवण आणि जेवण म्हणजे भात. वरोऱ्याची एक मुलगी आरमोरीकडे दिली आणि वर्षभरात माझ्या टेबलासमोर येऊन बसली. अर्जात लिहायला छळ विचारला तर म्हणाली, "लिहा बाई. सकाळी भात, दुपारी भात, रातच्याला भात. ताप आला तं पेज. सन आला तं भाताचे वडे!"

मी म्हटलं, "हा छळ कोर्टात टिकायचा नाही गं."

"तुमी आठ दिवस खाऊन पाहा, मंग सांगा."

मेश्राम मॅडमनी दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं. सासू आली. साधी, गोड बाई. मॅडम म्हणाल्या, "काकू, सुनेला रोज दोन पोळ्या करून खाऊ द्यायला काय हरकत आहे?"

सासू म्हणाली, "हरकत नाई जी. दोन काऊन, चार खाऊ दे. पन मॅडम, पोया खाऊन खाऊन पोट भरलं तं मंग जेवन कवा करन?"

मॅडमना ते लगेच पटलं. त्या स्वतः आरमोरीच्या आहेत.

◆

शेळीच्या केसमध्ये तर शेख वकिलांनी कमालच केली.

लग्नात मुलीला आंदण म्हणून मामानं एक शेळी दिली होती. नवरा-बायको वेगळे झाले. आंदणाचं सामान परत करायचं ठरलं. कपाट आलं, कूलर आला, पलंग आला, भांडी आली. सगळं कोर्टाच्या आवारात मांडलं. शेळी पण आली. पण मधल्या काळात शेळीला पिल्लं झाली होती, आणि ती नवऱ्यानं घरीच ठेवली!

मी म्हटलं, शेळी स्त्रीधन आहे, म्हणून पिल्लंही स्त्रीधन. साधा हिशेब. शेख वकील उठले. कोटाची बटणं लावली. म्हणाले, "साहेब, माझ्या विद्वान मैत्रिणीनं एक गोष्ट लपवून ठेवली आहे. शेळी त्यांची, मान्य. पण बोकड आमचा होता!"

साहेब चष्मा पुसायला लागले. मी कायद्याची सगळी कलमं डोक्यात चाळली, बोकडावर एकही सापडलं नाही. शेख वकील माझ्याकडे बघून मिशीत हसत होते.

मागून माझी पक्षकार उभी राहिली. "बोकड त्याह्यचा हाय, कबूल. मंग साहेबजी, एवढ्या दिवसांची खावटी बी बोकडाकडून घेऊन द्या. लेकरं एकट्या बकरीनं पाजली!"

पिल्लं संध्याकाळच्या आत आली. शेख वकिलांनी स्वतः जीपमध्ये चढवून दिली आणि कोटाला लागलेले केस दोन दिवस झटकत होते.

◆

मंदा-सुधाकरचे सहा महिने तिकडं संपत चालले होते. मेश्राम मॅडमनी शेवटचं म्हणून दोघांना आपल्या खोलीत बसवलं. मी आणि शेख कोपऱ्यात.

मॅडमनी सुधाकरला चांगलं झापलं. संसार कसा असतो, शब्द कसा लागतो, सगळं सांगितलं. सुधाकर ऐकत राहिला. मग अचानक उठला, गुडघ्यावर बसला आणि बोलायला लागला. काय तो आवाज! "तुझ्या डोळ्यातल्या एकेका थेंबाचा मी गुन्हेगार आहे. तू देव्हाऱ्यातली समई, मी वाऱ्यासारखा उनाड. तुला विझवून मीच अंधारात चाचपडतो आहे..."

मॅडमनी पदर डोळ्याला लावला. शेख वकिलांचा रुमाल बाहेर आला. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

मंदा भिंतीला टेकून उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, हे तिसऱ्या अंकातलं हाय. मागच्या सालच्या नाटकाचं."

मॅडमनी पदर खाली घेतला. सुधाकर गुडघ्यावरच म्हणाला, "पन मनापासून म्हटलं ना!"

"मनापासून तं तू व्हिलनचे डायलॉग बी म्हनते!"

ती निघून गेली. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. शेख रुमालाची घडी घालत म्हणाले, "वकीलबाई, ये केस हातसे गई." त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही, आणि त्यांच्या घरची बिर्याणी होती!

◆

मन हलकं करायला वाघाचं सांगते.

आमच्याकडे तारखेला न येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाघ. "रस्त्यावर वाघ होता जी." साहेब नवीन होते तेव्हा विश्वास ठेवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्याची खावटी थकली आहे त्यालाच वाघ बरोबर आडवा येतो! त्यांनी भर कोर्टात सांगून टाकलं, "यापुढे वाघ दिसला तर फोटो आणा. नाहीतर वॉरंट."

झालं! लोक फोटो आणायला लागले. कुणी शेपटीचा, कुणी पंजाच्या ठशाचा. एकानं तर बिबट्याचा आणला. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "वाघ मोठा होऊन राह्यला जी."

मग आला गजानन. त्याची बायको माझी पक्षकार. तिचं म्हणणं, नवऱ्याचं बाहेर दुसऱ्या बाईशी लफडं आहे. त्याचं म्हणणं, मी देवमाणूस. मागच्या तारखेला तो आला नव्हता. या वेळी छाती काढून आला आणि मोबाईल पुढे केला. "साहेब, वाघ. पुराव्यासकट!"

फोटो खरंच झकास होता. गाडीवर बसूनच काढलेला. समोर डांबरी रस्ता, रस्त्यावर पट्टेदार वाघ, ऐटीत. साहेबांनी बघितला, शेखनी बघितला, दोघांनी मान डोलावली. एवढा जवळून! कोर्टातले सगळे माना लांब करायला लागले. मी म्हटलं, माझ्या पक्षकाराला पण बघू द्या.

तिनं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. गजानन कौतुकानं म्हणाला, "केवढा हाय ना?"

ती साहेबांकडे वळली. "वाघ राहू द्या, साहेब. गाडीचा आरसा मोठा करून पाहा. मागं बसली ते कोन हाय?"

◆

आता शेवटची तारीख. मंदा आणि सुधाकरची.

दिवाळी तोंडावर आली होती. म्हणजे नाटकांचा हंगाम डोक्यावर. कंपनीचं नवं नाटक अजून बसायचं होतं आणि हिरो-हिरोइन घटस्फोटासाठी दिवसभर कोर्टात अडकणार! मालक हुशार. त्यानं दिग्दर्शक गोवर्धन मास्तरांनाच नाटकाची वही देऊन दोघांच्या मागे पाठवलं. "पुकारा व्हईपर्यंत रिकामे कायले बसता? तालीम करा!"

आवारात मोठा कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत मास्तरांनी जागा आखली. या दगडापासून त्या सायकलपर्यंत स्टेज. मंदा आणि सुधाकर एकमेकांकडे न बघता उभे राहिले. कामाशी दोघं प्रामाणिक, हे मान्यच करायला हवं. बाहेर कितीही वैर असो, मास्तरांनी "हं" म्हटलं की दोघं नाटकातले नाथ आणि राधा!

सुधाकरचा आवाज चढला तशी गर्दी जमली. तारखेला आलेले लोक, चहावाला, आरोपीला घेऊन आलेले पोलीस, हातकडीतला आरोपीसुद्धा. आमच्याकडच्या माणसाला नाटक म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. काहींना ते नाटक आहे हेच ठाऊक नव्हतं. एक म्हातारा सुधाकरला समजावायला पुढं आला, "जाऊ दे बाबू, आपल्याच घरची बाई हाय." मास्तरांनी त्याला हाताला धरून सायकलच्या पलीकडे नेऊन बसवलं.

सीन असा होता. नाथानं राधेवर संशय घेतलेला, आता खरं कळलं, आणि तो भरल्या सभेत तिची माफी मागतो. सुधाकर धुळीत गुडघ्यावर बसला. "राधा, मी चुकलो. या सगळ्या जगासमोर मी तुझी क्षमा मागतो. राधा, मला माफ कर!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. पुढचं वाक्य मंदाचं होतं.

मंदा गप्प.

मास्तरांनी वहीत बघून हळूच सांगितलं, "उठा नाथ."

मंदा गप्पच.

"उठा नाथ... मंदा, उठा नाथ!"

"मास्तर, जरा चुप बसा." मंदा म्हणाली. मग सुधाकरकडे बघून, "राधा कोन हाय? इथी राधा नाई कोनी."

मेश्राम मॅडम खोलीतून बाहेर आल्या होत्या, त्यांनी माझा दंड धरला. शेख वकील हातात चहाचा कप घेऊन तसेच उभे, पीत नाहीत, ठेवत नाहीत. मला रडू यायला लागलं होतं आणि भीतीही वाटत होती. आता उठून गेला, की संपलं सगळं!

सुधाकर उठला नाही. त्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी घाईनं वहीचं पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग मान हलवली. पुढचं काही लिहिलेलंच नव्हतं.

तो खाली धुळीकडे बघायला लागला. चाळीस गावांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्याचा आवाज, तो मला दहा हातांवर नीट ऐकू येईना.

"मंदा... तुह्या बापासमोर बोललो ना मी ते... पंगतीत... ते खोटं बोललो. तू माह्या आंधीपासून चांगलं काम करते. मले... मले तुही तारीफ ऐकाले जीवावर येते, म्हनून तसं बोललो. चुकलं माहं."

कुणी टाळी वाजवली नाही. मंदाचा चेहरा मला दिसत नव्हता, तिनं तो दुसरीकडे वळवला होता.

तेवढ्यात मागून, सायकलच्या पलीकडून, तो म्हातारा ओरडला, "इकडं काईच ऐकाले नाई आलं बाप्पा! वन्स मोअर!"

आणि सगळी गर्दी सुटली. वन्स मोअर! वन्स मोअर! पोलीस ओरडले, चहावाला ओरडला, हातकडीतल्या आरोपीनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. सुधाकरनं मंदाकडे बघितलं. मंदानं फक्त भुवई उडवली. म्हणजे, ऐकलंस ना पब्लिक काय म्हणते?

त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत. कोर्टाच्या खिडकीत साहेब उभे दिसले.

तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला. मंदा हाजीर! सुधाकर हाजीर! सुधाकर गुडघे झटकत उठला. आम्ही सगळे आत गेलो. आमच्या मागोमाग गर्दी आत शिरली. साहेब खुर्चीवर जाऊन बसले आणि काहीच न बघितल्यासारखा चेहरा केला. कागद पुढे ओढले.

"सहा महिने झालेत. दोघांनी विचार केला असेल. बोला मंदाबाई, काय ठरलं तुमचं?"

मी शेखकडे बघितलं. शेखनी माझ्याकडे बघितलं. सुधाकर पिंजऱ्याचा लाकडी कठडा घट्ट धरून उभा होता.

मंदानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेबजी, पुढची तारीख द्या. याची तालीम अजून कच्ची हाय."